सुझान लेंग्लेनने मागितलेला हिशेब

१९२६ च्या ऑगस्टमध्ये सुझान लेंग्लेनने चार्ल्स पाइल या अमेरिकी आयोजकाशी करार केला. पन्नास हजार डॉलर घ्यायचे आणि अमेरिकाभर फिरून, तिकीट लावून टेनिस खेळायचं, असा तो करार होता. त्याआधीच्या सात वर्षांत ही फ्रेंच खेळाडू एकेरीचा फक्त एक सामना हरली होती. विम्बल्डनच्या एकेरीची सहा विजेतेपदं तिच्या नावावर होती. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकचं सुवर्णपदक होतं. करार जाहीर झाला आणि विम्बल्डन भरवणाऱ्या ऑल इंग्लंड क्लबने तिचं मानद सभासदत्व काढून घेतलं. हौशी, म्हणजे खेळून पैसे न घेणाऱ्यांच्या, टेनिसची सगळी मोठी मैदानं तिला बंद झाली. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती.

टेनिसच्या कारभाऱ्यांच्या लेखी ती पैशाला भुललेली बाई ठरली. मला मात्र ठामपणे वाटतं की सुझानचंच बरोबर होतं. खेळाडूच्या कष्टावर चालायचं आणि त्याच खेळाडूला पैशाचं नाव काढू द्यायचं नाही, ही व्यवस्था चुकीची होती. कागदोपत्री ती १९६८ मध्ये संपली. तिच्यामागचा विचार मात्र संपलेला नाही, आपल्याकडे तर मुळीच नाही. म्हणून शंभर वर्षांपूर्वीचं हे प्रकरण आज पुन्हा उघडून पाहायला हवं.

सुझानचा खेळ म्हणजे दैवी देणगी, असं सांगायची पद्धत आहे. प्रत्यक्षात तो खेळ वर्षानुवर्षं राबून घडवलेला होता. तिचे वडील चार्ल्स यांच्या घराण्याचा घोडागाड्यांच्या वाहतुकीचा धंदा होता. तो विकून ते मोकळे झाले होते, आणि हिवाळ्यात कुटुंब रिव्हिएरावर, म्हणजे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, नीसला येऊन राहायचं. मुलगी लहानपणी नाजूक, श्वासाचा त्रास असलेली. १९१० मध्ये वडिलांनी तिच्या हाती रॅकेट दिली ती तब्येत सुधारावी म्हणून. पण रिव्हिएराच्या मैदानांवर खेळणारे चांगले पुरुष खेळाडू पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हाच खेळ मुलीला शिकवता येईल. त्या काळी बहुतेक स्त्रिया मागच्या रेषेवर उभं राहून संथपणे चेंडू परतवत असत. चार्ल्सनी मुलीला पुरुषांबरोबर खेळवलं. कोर्टवर रुमाल अंथरायचा, त्यावर चेंडू पाडायचा, जमायला लागलं की रुमालाची घडी करून तो लहान करायचा. हा सराव दिवसामागून दिवस चालायचा, आणि चुकलं तर बोलणी खावी लागायची. चौदाव्या वर्षी ती फ्रेंच अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली. त्याच १९१४ साली, पंधरावं नुकतंच पुरं होत असताना, पॅरिसजवळच्या सेंट-क्लाउडची जागतिक हार्डकोर्ट स्पर्धा तिने जिंकली. लगेच पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि उमेदीची चार-साडेचार वर्षं स्पर्धांविना गेली.

१९१९ ची विम्बल्डन ही तिची पहिलीच विम्बल्डन. तेव्हाच्या रीतीप्रमाणे गतविजेती थेट अंतिम लढतीत खेळायची, आणि ती गतविजेती होती सात वेळा जिंकलेली, चाळिशीची डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स. राजे पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी सामन्याला हजर. एकीकडे चेंबर्सचा घोट्यापर्यंतचा झगा आणि लांब बाह्या, दुसरीकडे सुझानचा पोटरीपर्यंतचा, बिनकॉर्सेटचा हलका पोशाख. तिसऱ्या सेटमध्ये चेंबर्स ६–५ आणि ४०–१५ अशी पुढे होती, म्हणजे सामना जिंकायला तिला एक गुण हवा होता आणि तो मिळवायच्या दोन संधी होत्या. पहिल्या संधीला सुझानने धावत जाऊन कशीबशी रॅकेट लावली, चेंडू तिच्या लाकडाला लागून जेमतेम जाळ्यापलीकडे पडला. दुसरी संधीही हुकली. शेवटी १०–८, ४–६, ९–७ असा सुझानचा विजय झाला. चव्वेचाळीस गेमची ही लढत १९७० पर्यंत विम्बल्डनच्या महिला एकेरीतली सर्वांत लांब अंतिम लढत होती. सामन्यात दमून गेल्यावर वडिलांनी प्रेक्षकांतून पुरवलेले ब्रँडीचे घोट ती घेत होती, हाही त्या दिवसाच्या आठवणींचा भाग आहे.

पुढचं यश भराभर सांगता येतं. १९१९ ते १९२३ सलग पाच वेळा आणि १९२५ मध्ये सहाव्यांदा विम्बल्डन. एलिझाबेथ रायनबरोबर दुहेरीची सहा विजेतेपदं. अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये एकेरीचं सुवर्ण, मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणि महिला दुहेरीचं कांस्य. १९२५ च्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या सगळ्या सामन्यांत मिळून तिने फक्त पाच गेम गमावले. तो एकमेव पराभव १९२१ चा, अमेरिकेतल्या फॉरेस्ट हिल्सचा. मोला मॅलरीविरुद्ध पहिला सेट गमावल्यावर खोकत खोकत तिने सामना सोडला. पुढच्याच वर्षी विम्बल्डनच्या अंतिम लढतीत तिने मॅलरीला ६–२, ६–० असं हरवलं.

आता या यशाचा दुसरा हिशेब मांडून पाहू. विम्बल्डनचं वर्पल रोडवरचं जुनं मैदान युद्धाच्या आधीपासूनच अपुरं पडत होतं. १९१९ नंतर सुझानला बघायला जी गर्दी लोटू लागली, तिच्यामुळे मोठ्या मैदानाची निकड सगळ्यांना पटली, आणि १९२२ मध्ये स्पर्धा चर्च रोडवरच्या भव्य सेंटर कोर्टात गेली. क्लबला तिकिटांचे पैसे मिळाले. हॉटेलांना गिऱ्हाईक मिळालं. वर्तमानपत्रांचा खप वाढला. ज्या मुलीमुळे हे सगळं होत होतं तिने प्रवेश शुल्क भरून खेळायचं, आणि बदल्यात चषक न्यायचा. नियमच तसा होता.

१६ फेब्रुवारी १९२६ रोजी फ्रान्समधल्या कान शहरातल्या कार्लटन क्लबवर सुझान आणि वीस वर्षांची अमेरिकन हेलन विल्स समोरासमोर आल्या, तेव्हा तर या विसंगतीने टोक गाठलं. तिकिटांचे दर टेनिसमध्ये कधी ऐकले नव्हते इतके चढले. ज्यांना तिकीट मिळालं नाही ते आसपासच्या घरांच्या छपरांवर आणि झाडांवर चढून बसले. पहिला सेट सुझानने ६–३ असा घेतला. दुसऱ्यात ६–५, ४०–१५ असताना विल्सचा फटका बाहेर गेल्याची आरोळी आली, दोघींनी हात मिळवले, लोक कोर्टात घुसले. तेवढ्यात रेषेवरच्या पंचाने पुढे येऊन सांगितलं की आपण ओरडलोच नव्हतो, आवाज प्रेक्षकांतला होता आणि चेंडू आत पडला होता. जिंकलेला सामना पुन्हा सुरू झाला. दमलेल्या सुझानने तो गेम गमावला, तरी अखेर ८–६ असा सेट काढला. हा सामना बघायला लोक अमेरिकेतूनही आले होते. त्या दिवशी जमलेल्या पैशातली दमडीही नियमाने या दोघींच्या हाती पडू शकत नव्हती.

त्याच उन्हाळ्यात विम्बल्डनमध्ये सामन्याच्या वेळेवरून गोंधळ झाला. सुझान उशिरा आली, राणी मेरीला ताटकळावं लागलं, आणि कालपर्यंत डोक्यावर घेणारे प्रेक्षक उलटले. तिने स्पर्धा सोडली. महिन्याभराने पाइलच्या करारावर सही झाली.

त्या दौऱ्याच्या वेळी तिने आपली बाजू मांडली, आणि माझ्या मते हौशी खेळाच्या इतिहासातला तो एक अतिशय महत्त्वाचा जबाब आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं होतं. मी टेनिसला लाखो फ्रँक मिळवून दिले आणि ते मिळवून देण्यासाठी हजारो फ्रँक प्रवेश शुल्कही मीच भरलं. कुठल्याही माणसाने आपल्या व्यवसायात राबावं तेवढी मी राबले. माझ्याकडे संपत्ती नाही. जे मला सर्वांत चांगलं येतं ते सोडून मी दुसरं काही करू का? की दारिद्र्य पत्करून दुसऱ्यांसाठी कमावत राहू? आणि पुढे तिने जे म्हटलं ते याहून मोठं आहे. या नियमांखाली फक्त श्रीमंतच खेळू शकतात. ज्यांची नावं प्रतिष्ठितांच्या यादीत नाहीत अशा किती मुलामुलींची गुणवत्ता दडपली जात असेल?

म्हणजे तिने प्रश्न फक्त स्वतःपुरता ठेवला नाही. हौशीपणाचा नियम खेळाची शुद्धता राखण्यासाठी आहे, असं शंभर वर्षं सांगितलं गेलं. त्याचा उगम पाहिला तर वेगळंच दिसतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या हेन्लीच्या नौकास्पर्धांच्या नियमांनी कारागिरांना आणि मजुरांना हौशी मानायलाच नकार दिला होता. कारण उघड होतं. हाताने काम करणारा माणूस सभ्य गृहस्थांच्या शेजारी नको होता. पैशाबद्दलची तिटकाऱ्याची भाषा नंतर आली. ज्याच्या घरी खायला आहे त्याला बक्षिसाची गरज नसते, आणि ज्याला गरज आहे तो नियमानेच बाहेर राहतो. याहून सोपी चाळणी कुठली असणार?

ही चाळणी वापरणाऱ्यांना स्वतःला पैशाचं वावडं नव्हतं, याचा पुरावा म्हणून त्या काळचा आघाडीचा अमेरिकी टेनिसपटू बिल टिल्डन याचं प्रकरण मला नेहमी आठवतं. १९२८ मध्ये विम्बल्डनबद्दल वर्तमानपत्रांत लेख लिहून पैसे घेतले म्हणून अमेरिकी संघटनेने टिल्डनला डेव्हिस चषक या देशादेशांतल्या टेनिस स्पर्धेच्या संघातून काढलं. पण अंतिम लढत होती पॅरिसमध्ये, खास त्यासाठी नव्याने बांधलेल्या रोलाँ गॅरोस स्टेडियमवर. टिल्डन नाही तर तिकिटं कोण घेणार? फ्रेंचांनी आरडाओरडा केला, अमेरिकेच्या राजदूतांनी मध्यस्थी केली आणि टिल्डन पुन्हा शुद्ध झाला. पॅरिसची लढत झाल्यावर, अमेरिकन अजिंक्यपदाच्या वेळी, त्याच्यावर बंदी आलीच. तत्त्व खरंच तत्त्व असतं तर ते गल्ल्याकडे बघून वाकलं नसतं. पुढे विम्बल्डन सलग तीनदा जिंकलेला फ्रेड पेरी १९३६ मध्ये व्यावसायिक झाला, तेव्हा त्याचंही ऑल इंग्लंड क्लबचं सभासदत्व गेलं. याच पेरीचा पुतळा १९८४ मध्ये त्याच आवारात उभा राहिला.

आपल्या मातीतली परंपरा याबाबत अधिक सरळ होती, हे मला अभिमानाने सांगावंसं वाटतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, मल्लांच्या खुराकाची सोय केली, खासबागेचं मैदान उभं केलं. इनामाची कुस्ती लढणारा मल्ल कमी प्रतीचा, असं कुठल्याही वस्तादाने म्हटलं नाही. पैलवानाच्या अंगात जे बळ आहे ते दूध, बदाम आणि तुपातून येतं आणि त्याला पैसे लागतात, हे गावच्या जत्रेतल्या शेवटच्या प्रेक्षकालाही कळत होतं.

पण टेनिसचं आणि ऑलिम्पिकचं जग हौशीपणाच्या नियमावर चालत होतं, आणि त्याची झळ आपल्याला कशी लागली ते दोन मराठी घरांकडे पाहिलं की कळतं. १९३४ मध्ये मुंबईच्या लीला राव विम्बल्डनला एकेरीचा सामना जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्यांच्या आई पंडिता क्षमा राव या संस्कृतच्या लेखिका आणि स्वतः टेनिस खेळणाऱ्या, वडील मुंबईतले डॉक्टर. लीलाबाईंची गुणवत्ता निर्विवाद होती, त्यांचं यश मोलाचंच आहे. पण इंग्लंडला जाऊन स्वखर्चाने खेळणं तशाच सुखवस्तू घराला शक्य होतं. दुसरं घर कराडजवळच्या गोळेश्वरचं. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, आसपासच्या लोकांनी वर्गणी केली, तेव्हा स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आलं. परतल्यावर कुस्तीची मैदानं भरवून खाशाबांनी ते घर सोडवलं असं सांगतात. हौशीपणाचा नियम अक्षरशः लावला तर कुस्तीतून मिळालेला तो पैसाही दोषच ठरतो. आपण ही कथा त्यागाची म्हणून शाळेत सांगतो. मला ती ऐकताना संताप येतो. एका खेळाडूला देशाकडून खेळायला मिळावं म्हणून शिक्षकाला छप्पर गहाण टाकावं लागतं, यात गौरव करण्यासारखं त्या शिक्षकाचं आणि त्या खेळाडूचं वागणं आहे. व्यवस्थेला मात्र त्यातून शरमच वाटायला हवी.

सुझानच्या विरोधात जे मुद्दे येतात त्यांतला एक मला खरा वाटतो. तिचा व्यावसायिक दौरा खेळ म्हणून फिका होता. ९ ऑक्टोबर १९२६ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तेरा हजार लोकांसमोर तो सुरू झाला. तिची प्रतिस्पर्धी मेरी ब्राउन ही एकेकाळची अमेरिकन विजेती, पण पस्तिशीची. ती अडतीसच्या अडतीस सामने हरली. निकाल आधीच ठाऊक असलेली चढाओढ लोक किती दिवस बघणार? काही महिन्यांत दौरा संपला आणि पाइल दुसऱ्या उद्योगांकडे वळला. पण ही कमतरता कुठून आली? जगातल्या बाकी सगळ्या चांगल्या खेळाडू हौशीपणाच्या कुंपणाआड होत्या, पैसे घेतले की त्यांनाही बाहेर काढलं जाणार होतं. कुंपण घालणाऱ्यांनीच मग बाहेरच्या मैदानात चुरस नाही असं म्हणावं, हे न्यायाला धरून नाही.

पैशाने खेळ नासतो, हा दुसरा मुद्दा. काही प्रमाणात नासतो; सट्टेबाजी आणि निकालनिश्चितीचे प्रकार आपण पाहिले आहेत. पण हौशी टेनिसमध्येही पैसा होताच. तो खर्चाच्या नावाखाली पाकिटातून दिला जायचा, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. लपवलेला पैसा उघड पैशापेक्षा खेळाला जास्त नासवतो, कारण तो कोणाला किती द्यायचा हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहतं आणि खेळाडू मिंधा होतो. १९६८ मध्ये टेनिसने हे ढोंग सोडलं आणि स्पर्धा सर्वांना खुल्या केल्या. त्या वर्षी विम्बल्डनने पुरुष विजेत्याला दोन हजार पौंड दिले आणि महिला विजेतीला साडेसातशे. तो फरक मिटायला २००७ उजाडलं. सुझान ४ जुलै १९३८ ला, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी रक्ताच्या आजाराने गेली. तिच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी तिचं म्हणणं नियम झालं. आज फ्रेंच ओपनच्या महिला विजेतीला मिळणारा चषक तिच्या नावाचा आहे, रोलाँ गॅरोसचं एक मोठं कोर्टही तिच्या नावाचं आहे.

नाव दिलं म्हणून हिशेब चुकता होत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये भारताचा एकेरीतला पहिल्या क्रमांकाचा टेनिसपटू सुमित नागल याने सांगितलं की आपल्या खात्यात सुमारे नऊशे युरो उरले आहेत. चारच महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने मानांकित खेळाडूला हरवलं. असा माणूस विमानाचं तिकीट, प्रशिक्षक आणि फिजिओ यांपैकी कशावर खर्च करायचा या विवंचनेत फिरतो, आणि स्पर्धांच्या प्रक्षेपणाचे हक्क मात्र प्रचंड रकमांना विकले जातात. २०२५ मध्ये आघाडीच्या खेळाडूंनी चारही ग्रँड स्लॅमना पत्र लिहून उत्पन्नातला वाढीव वाटा मागितला. अब्जाधीशांची हाव म्हणून त्यावर टीका झाली. पण त्या मागणीचा खरा उपयोग क्रमवारीत शंभराच्या खाली असणाऱ्यांना आहे, ज्यांच्याशिवाय पहिल्या फेऱ्या होऊच शकत नाहीत.

महिला क्रिकेटकडे बघा. भारताच्या माजी कर्णधार डायना एडलजींची पिढी आरक्षण नसलेल्या डब्यांतून प्रवास करून, मिळेल त्या वसतिगृहात राहून देशासाठी खेळली. २०२२ मध्ये सामन्याचं मानधन पुरुषांइतकं झालं, ही मोठी गोष्ट आहे. तरी २०२४-२५ च्या वार्षिक करारांत पुरुषांची सर्वोच्च श्रेणी सात कोटींची आणि महिलांची पन्नास लाखांची होती. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या मैदानावर याच मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा स्टेडियममध्ये जागा उरली नव्हती. गर्दी कमी म्हणून पैसे कमी, हे कारण त्या रात्रीनंतर कुणी देऊ नये. ज्या खेळांत क्रिकेटइतका पैसाच नाही, त्यांची गोष्ट तर आणखी बिकट. तिथे राज्य स्पर्धेला निवडलेली मुलगी आईबापांच्या पैशाने ट्रॅकसूट घेते, आणि पदक आणलं की तिच्याबरोबर फोटोत उभे राहायला पदाधिकाऱ्यांची रीघ लागते.

२०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने संघटनांच्या कार्यकारिणीत नामवंत खेळाडूंना आणि महिलांना जागा देणं बंधनकारक केलं आहे. हे स्वागतार्ह आहे, पण खुर्ची मिळाली म्हणून वाटा मिळत नाही. प्रत्येक क्रीडासंघटनेने तिकिटं, प्रायोजक आणि प्रक्षेपण यांतून येणाऱ्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा खेळाडूंना देण्याचं आपल्या घटनेतच लिहावं. तो हिस्सा फक्त विजेत्यांना जाऊ नये, पहिल्या फेरीत हरणाऱ्यांपर्यंत पोचावा. वर्षाचे जमाखर्च कुणालाही वाचता येतील असे प्रसिद्ध करावेत. ज्या संघटना हे करणार नाहीत त्यांचं सरकारी अनुदान थांबवावं. आपल्या राज्यातल्या संघटनांपासून ही सुरुवात करता येईल, त्यासाठी दिल्लीकडे बघत बसायची गरज नाही.